बाकी सगळी भिंत तुझी

३ फेब्रुवारी

ताई,

इतक्या वर्षांनी लिहायचं तर उशिराबद्दल आधी काहीतरी म्हणायला हवं. तीन कागद त्यातच फुकट गेले. एकात मी कामाचं कारण दिलं होतं, दुसऱ्यात बाबांच्या तब्येतीचं, तिसऱ्यात तुझ्या स्वभावाचं. तिन्ही कारणं थोडीथोडी खरी होती आणि तिन्हींत मी सोडून बाकी सगळे दोषी होते. म्हणून आता एवढंच लिहिते: उशीर झाला, माफ कर.

पत्ता मावशीने दिला. आधी माझी उलटतपासणी घेतली, मग दिला. "लिही बाई, पण रडगाणं लावू नकोस, तिला सोसत नाही," असंही बजावलं. प्रयत्न करते.

लिहिण्याचं कारण असं, की चर्चच्या बाजूच्या दालनातली चित्राची भिंत स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं आहे. हो, तीच. बाग, झाड, झाडाला गुंडाळलेला साप, पहिला पुरुष आणि फळ धरलेली पहिली बाई. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. एकदा कागदावर उतरवलं की माझं मला नीट दिसतं, ही माझी जुनी खोड आहे.

ती भिंत बाबांनी दुरुस्त केली तेव्हा ओलीमुळे बाईचा चेहरा पार गळून पडला होता. आमच्या कामात असं झालं की ती जागा आजूबाजूच्या रंगाला जवळच्या एका साध्या रंगाने भरून सोडून द्यायची असते. जे गेलं ते गेलं, आपण ते शोधून काढायचं नाही. बाबांनी तो नियम मोडला आणि नवा चेहरा काढला. तू त्याच हिवाळ्यात नवऱ्याचं घर सोडून आपल्याकडे आली होतीस. भिंत उघडली त्या दिवशी सगळं दालन आधी भिंतीकडे बघत होतं आणि मग तुझ्याकडे. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बापानेच फळ हातात दिलं की!" लोक हसले. तू घरी आलीस, बॅग उचललीस आणि गेलीस. आई दारात उभी होती, तिने तुला अडवलं नाही. मीही नाही.

आई गेली तेव्हा तुझं एक कार्ड आलं होतं. त्यात एवढंच होतं: "त्या भिंतीवरून मला उतरव, मग बघू." तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता आहे. चर्चच्या समितीने त्या चेहऱ्याचं काय करायचं ते माझ्यावर सोडलं आहे. म्हणून विचारते, अजून तुला तेच हवं आहे का?

बाबा बरे आहेत असं म्हणता येणार नाही. छाती भरते. डोळे तर गेलेच. "डोळे रिटायर झाले, मी अजून कामावर आहे," असं म्हणतात. कालपासून दोनदा तुझं नाव घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

तुझी,
धाकटी

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईलच असं धरून चालले नव्हते, तरी पोस्टमन गल्लीत वळला की मी परांचीवरून खाली बघते. परांचीवाल्याला ते आवडत नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला दम दिला होता, "बाई, पडायचंच असेल तर डावीकडे पडा. उजवीकडे संताचा पुतळा आहे, तो महाग आहे."

मेणबत्त्यांची काजळी निघते आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला तेच बरं वाटतं. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, गोल गोल फिरवायचा, काळा झाला की टाकून दुसरा घ्यायचा. थुंकीइतकं सौम्य औषध अजून कोणी शोधलेलं नाही. बाबा म्हणायचे, भिंतीला मुलासारखं पुसायचं. तुला आठवत असेल, बाहेर निघताना आई पदर ओला करून आपली तोंडं पुसायची आणि आपण किती ओरडायचो.

मागच्या आठवड्यात पानं काढली. दोघांच्या कमरेवरची पानं मूळ चित्रकाराची नाहीत, पुढे कधीतरी कोणा सभ्य माणसाने चिकटवल्यासारखी रंगवली आहेत. त्यावर समितीची मोठी बैठक झाली. एक बाई म्हणाल्या, "पानं काढलीत तर लहान मुलं काय बघतील?" फादर म्हणाले, "आंघोळीच्या वेळी बघतात तेच." पानं गेली.

कॉलेजात मी याच विषयावर निबंध लिहिला होता: चित्रांतलं पतन, म्हणजे फळ खाल्लं आणि बाग गेली ती गोष्ट. तेव्हा मला सगळं कळत होतं. किती ठिकाणी सापाला बाईचं तोंड दिलं आहे, आणि काही ठिकाणी तर फळ घेणाऱ्या बाईचंच तोंड, ते मी मोजून लिहिलं होतं. बायबलातल्या मूळ गोष्टीत फळाचं नावच नाही. एकाने सफरचंद काढलं, एकाने अंजीर, एकाने द्राक्षं. ज्याच्या अंगणात जे पिकलं ते पापाला दिलं. प्राध्यापकांना ते वाक्य आवडलं होतं.

परवा ती गोष्ट पुन्हा वाचली, छोटीशी आहे. देव बागेत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो "का केलंस?" असा नाहीच. तो विचारतो, "कुठे आहेस?" हे माझ्या निबंधात नव्हतं. मग पुरुष म्हणतो, हिने दिलं. आणि वर ऐकवतो, तूच ही मला दिली होतीस. बाई म्हणते, सापाने फसवलं. साप गप्प. सापाला कोणी विचारलंच नाही.

हे वाचून मला आपलं घर आठवलं. तू घरी आलीस तेव्हा बाबा म्हणाले, स्थळ आईच्या माहेरून आलं होतं. आई म्हणाली, होकार तुम्ही दिलात. मावशी म्हणाली, पोरीलाच नांदता आलं नाही. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि नेमकी दुधाची पिशवी फुटली, मग सगळे पिशवीवर ओरडले. तू काय बोलणार होतीस?

बाबांच्या चेहऱ्याला अजून हात लावलेला नाही. आधी बाग पुरी करते, असं मी समितीला सांगितलं आहे. काम म्हणून तसंच करायला हवं असं नाही, पण चालतं.

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "तेव्हा लिहिलं होतं तेच." बरं.

पण त्याआधी दोन गोष्टी तुला कळायला हव्यात. मी ठरवलं होतं की तुझं उत्तर आलं की लगेच काम सुरू करायचं. आता पुन्हा तुलाच आणखी विचारायला बसले आहे, हे माझ्या लक्षात येतं आहे.

पहिली गोष्ट. केसांच्या कडेला मी एवढासा तुकडा पुसून बघितला. बाबांच्या रंगाखाली काही नाही, कोरा गिलावा आहे. म्हणजे तो चेहरा काढला तर त्या जागी जुनी बाई वर येणार नाही. कोणीच येणार नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. काल दुपारी बाबांना विचारलं. ते खिडकीशी बसून त्यांचे जुने कुंचले बोटांनी चाचपून लहानमोठे लावत होते. बोलणं आठवतं तसं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

मी म्हटलं, "बाबा, तो चेहरा कुणाचा?"

"कुठला?"

"भिंतीवरच्या बाईचा."

"आदिमातेचा." मी चहा पुढे केला, तर कप न धरताच म्हणाले, "तुझ्या आईचा."

माझ्या हातात कप तसाच राहिला. "आईचा?"

"लग्न झालं तेव्हाची. स्वयंपाक करता करता मधेच दाराकडे बघत राहायची. कोणी येणार असल्यासारखी. मी म्हणायचो, कोण येणारेय? म्हणायची, कोणी नाही. ते मला काढायचं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? ताई घर सोडून गेली!"

"विचारलं कोणी? सगळे मला सांगायलाच आले होते. तूसुद्धा."

"आईला कळलं होतं?"

"तिला कळणार नाही? म्हणाली, नाक बरं जमलंय."

"मग तिने तरी ताईला सांगायचं."

"ती म्हणाली, तुम्ही काढलंत, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुझा चेहरा आहे, तू सांग." कुंचले पुन्हा पहिल्यापासून लावायला लागले. "तेवढ्यात गाडी गेली होती."

मी रागाने उठले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. परत आले तर ते हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का धाकटे? मी तिलाच काढायला बसलो होतो. पण सगळे थोरली थोरली म्हणायला लागले, तेव्हा एकदा जाऊन नीट बघितलं. मलाही थोरलीच दिसली. नंतर आई दिसेचना."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. शांत झाल्यावर विचारलं, "पुसणारेस?"

"ठरलं नाही."

"बाकी सगळी भिंत तुझी. काय हवं ते कर. तेवढ्याला हात लावू नकोस."

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. गोष्टीतला देवही बाग देताना त्या एका झाडाबद्दल असंच बजावतो. हसू आलं.

ताई, हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला सोयीची आठवण सापडते. तुला परत आणायचं म्हणूनही त्यांना ती सापडली असेल. आज दिवा जवळ नेऊन चेहरा बघितला. डाव्या भुवईत एक तुटलेली रेघ आहे. आईच्या भुवईत तशीच होती, पाटाचा कोपरा लागलेली. पण नेमक्या त्याच जागी भिंतीलाही चीर गेली आहे. आणि तू आईसारखी दिसतेस हे तर जगजाहीर आहे.

सांग, काय करू?

धाकटी

४ मार्च

ताई,

तुझं उत्तर: "आईचा असेल तर राहू दे, माझा असेल तर पूस. कुणाचा ते तू ठरव."

मला तुझा राग आला. तो आला हे लपवत नाही. बाबा म्हणाले तू सांग, आई म्हणाली तुम्ही सांगा, समिती म्हणाली तुम्ही जाणकार, आणि तूही! म्हटलं, आपल्या घरात ती गोष्ट कोणी वाचली नाही, सगळ्यांनी नुसती जगून घेतली.

दोन दिवसांनी राग उतरला तेव्हा उरलं ते याहून वाईट होतं. मी स्वतःला विचारलं, मी इतके आठवडे बाग का पुसते आहे? एकेका पानाला दोनदोनदा कापूस लावला. परांचीवालाही म्हणाला, "बाई, त्या झाडाचा रंग जाईल आता, किती अंग चोळताय त्याचं?"

कारण मला तो चेहरा जायला नको आहे. तू गेल्यापासून त्या दालनात मी नियमाने जाते. कामासाठी नाही. समोर बाक आहे, तिथे दुपारी कोणी नसतं. बाकी चित्रांतल्या बाया फळाकडे बघतात, नवऱ्याकडे बघतात किंवा ओंजळीत तोंड लपवतात. आपली बाई चित्राबाहेर, दालनाच्या दाराकडे बघते. मी दारातून आत गेले की ती माझ्याकडे बघत असते. मी तुला भेटायला जायचे, ताई. तुला खरोखर भेटायचं तर गाडीत बसावं लागलं असतं, दार वाजवावं लागलं असतं, तू दार लावून घेतलं असतंस तर परत यावं लागलं असतं. त्यापेक्षा भिंत सोपी होती. भिंतीवरची तू कधी काही बोलली नाहीस. तिथे असणं तुला नको होतं, हे मला ठाऊक होतं. तरी जायचे.

तेव्हा "हा आईचाच आहे" असं मी ठरवलं तर ते खरं म्हणून ठरवलेलं असेल, की मला हवं म्हणून? आणि नुसतं स्वतःला चोख ठरवायला "हा ताईचाच" असं ठरवलं तर तेही खोटंच. सकाळपासून असं स्वतःला उलटंपालटं करून बघते आहे. दमले.

बाबांना काल ऑक्सिजन लावावा लागला. आता बरे आहेत. कुंचले मागितले.

धाकटी

९ मार्च

ताई,

आज पुसलं.

हनुवटीपासून सुरुवात केली, डोळे शेवटी ठेवले. बाबांचा रंग घट्ट बसेल असं वाटलं होतं, पण भराभर सुटला. कापूस काळा होतो त्याची सवय आहे. आज तो कातडीच्या रंगाचा होत होता. दोन वेळा खाली उतरून पाणी प्यायले. डोळ्यांपाशी आल्यावर वाटलं, निदान ही नजर तरी ठेवावी. नुसती नजर ठेवता येत नाही. तीही पुसली.

कुणाचा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं असं मी तुला लिहिणार नाही. मी ठरवलं ते वेगळ्या रस्त्याने. आई त्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं गेली आणि नाक बरं जमलंय म्हणाली. तिला तिथे असण्याचं काही वाटलं असेल तर ती बोलली नाही. तू बोललीस. दोनदा लिहून कळवलंस. जिने नको म्हटलं तिचं ऐकायचं, एवढंच मला धरता आलं. हे चुकलंही असेल. चुकलं असेल तर मी आईला दुसऱ्यांदा घालवलं.

पण हे मी केलं आहे. बाबांनी सांगितलं म्हणून नाही, त्यांनी तर नको म्हटलं होतं. समितीने सांगितलं म्हणून नाही. तू सांगितलंस म्हणूनही नाही, तू ते माझ्यावर टाकलंस आणि मी ते घेतलं. उद्या कोणी विचारलं तर मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही.

दुपारी फादर आले. खूप वेळ मान वर करून उभे राहिले. म्हणाले, "आता रविवारी मी लोकांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, काम चालू आहे."

ते हसले नाहीत, पण बाकावर बसले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

तिथे आता गिलाव्याच्या जवळचा फिका रंग आहे. नियमाप्रमाणे. हात आहे, हातात फळ आहे, साप अजून वर तोंड करून तिच्याकडे बघतो आहे. लांबून वाटतं, कोणी क्षणभर मान वळवली आहे.

हे केलं म्हणून तू यावंस असं माझं म्हणणं नाही. "मग बघू" हे तू खूप वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, ते मी तुझ्याकडे वसुलीला आणणार नाही. फक्त विचारते, गोष्टीतल्या देवाने विचारलं तेवढंच: कुठे आहेस? त्या घरात खिडकी कुठल्या बाजूला आहे, सकाळी किती वाजता उठतेस, एकटी असतेस का. लिहावंसं वाटलं तर लिही.

घरी आले तर बाबा जागेच होते. "आज काय केलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बागेचं राहिलेलं." ते म्हणाले, "पानांना घाई करू नकोस," आणि समाधानाने कूस बदलून झोपले. त्यांना दिसत नाही. मी बोलले नाही तर त्यांना कधीच कळणार नाही. फादर बोलणार नाहीत, परांचीवाल्यालाही समजावता येईल. हे सगळं मी जेवताना मनातल्या मनात जुळवूनसुद्धा टाकलं होतं.

त्यांची छाती किती सोसेल, ठाऊक नाही. तरीही.

उद्या: चहाच्या आधी बाबांना सांगणे.